म्हाडाचे घर : अर्जाआधीचा हिशेब

म्हाडाच्या सोडतीची जाहिरात वृत्तपत्रांत झळकली की मुंबईतल्या चाळींत, भाड्याच्या खोल्यांत आणि लोकलच्या डब्यांत काही दिवस दुसरा विषय नसतो. घरे किती, ती कुठे आहेत, किंमत काय, यावर चर्चा झडतात आणि शेवटी ‘लागले तर लागले’ या वाक्यापाशी येऊन थांबतात. सोडत हा नशिबाचा भाग आहे, हे खरेच. परंतु नशिबाची पाळी येण्यापूर्वी आणि ती येऊन गेल्यानंतरही अर्जदाराला एका कागदाची साथ लागते. तो कागद म्हणजे उत्पन्नाचा पुरावा. तो दोनदा वाचला जातो. आधी म्हाडा वाचते आणि उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर गेलेले नाही ना, हे पाहते. घर लागल्यावर तोच कागद बँक वाचते आणि उत्पन्न कर्जाचे हप्ते फेडण्याइतके आहे ना, हे पाहते. एकाला आकडा लहान हवा असतो, दुसऱ्याला मोठा. अर्ज भरण्याच्या घाईत बहुतेकांचे लक्ष पहिल्या वाचनाकडे असते. दुसऱ्याचा विचार घर लागल्यावर सुरू होतो, आणि तोवर देकारपत्रातील मुदतीचे दिवस मोजायला लागलेले असतात.

परवडणारी घरे बांधून ती उत्पन्नानुसार वाटण्याची ही पद्धत मुंबईला नवी नाही. चेंबूरचे टिळकनगर, घाटकोपरचे पंतनगर, विक्रोळीचे कन्नमवारनगर, कुर्ल्याचे नेहरूनगर, काळाचौकीचे अभ्युदयनगर या वसाहती जुन्या गृहनिर्माण मंडळाच्या काळातील. १९७६ च्या कायद्यानुसार डिसेंबर १९७७ मध्ये महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण, म्हणजेच म्हाडा, अस्तित्वात आले. घरांची विक्री आणि हस्तांतरण यांचे नियम १९८१ च्या विनियमांनी बांधून दिले. एके काळी अर्ज कागदी होते आणि ते मिळवण्यासाठी बँकांच्या शाखांपुढे रांगा लागत. आता नोंदणीपासून देकारपत्रापर्यंतचा व्यवहार संगणकावर चालतो. रांग दिसेनाशी झाली, संपली मात्र नाही. २०१८ च्या डिसेंबरात मुंबई मंडळाने १,३८४ घरांची सोडत काढली तेव्हा एक लाख ६४ हजारांहून अधिक अर्ज आले होते. २०१९ मध्ये अवघ्या २१७ घरांची सोडत झाली आणि त्यानंतर मुंबईकरांना चार वर्षे वाट पाहावी लागली. १४ ऑगस्ट २०२३ रोजी ४,०८२ घरांची सोडत निघाली, तीत सुमारे एक लाख २० हजार अर्जदार होते. ८ ऑक्टोबर २०२४ च्या सोडतीत २,०३० घरांसाठी सुमारे एक लाख १३ हजार. म्हणजे २०१८ मध्ये एका घरामागे जवळपास १२० अर्जदार होते, २०२३ मध्ये ३० च्या आसपास, आणि २०२४ मध्ये ५५ हून थोडे अधिक.

चार वर्षांच्या खंडानंतर तिप्पट घरे उपलब्ध होऊनही अर्ज कमी का आले, याची दोन कारणे संभवतात. एक म्हणजे किमती. दुसरे म्हणजे २०२३ च्या प्रारंभी म्हाडाने आणलेली नवी संगणकीय प्रणाली. पूर्वी आधी सोडत निघे आणि पात्रता मागाहून तपासली जाई. घर लागलेल्या माणसाची फाइल महिनोन्‌महिने टेबलावरून टेबलावर फिरे, आणि तो अपात्र ठरला की प्रतीक्षा यादीतील पुढच्या माणसाची फाइल त्याच वाटेने निघे. आता कागदपत्रे आधी द्यावी लागतात आणि पात्र ठरलेल्यांचीच नावे सोडतीत जातात. व्यवस्था पूर्वीपेक्षा निश्चितच बरी आहे. पण ‘अर्ज तर टाकून ठेवू, कागद नंतर बघू’ हा मुंबईकरांचा जुना शिरस्ता तिने मोडीत काढला.

उत्पन्न कोणाचे धरायचे?

२०२२ मध्ये राज्य सरकारने उत्पन्नाच्या मर्यादा बदलल्या. मुंबई, पुणे आणि नागपूर महानगर प्रदेशांत तसेच दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत वार्षिक सहा लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेले कुटुंब अत्यल्प उत्पन्न गटात मोडते. सहा ते नऊ लाख हा अल्प उत्पन्न गट, नऊ ते १२ लाख मध्यम आणि त्याहून अधिक उत्पन्न असल्यास उच्च उत्पन्न गट. राज्याच्या उर्वरित भागात अत्यल्प गटाची मर्यादा साडेचार लाख आणि अल्प गटाची साडेसात लाख आहे. अत्यल्प गटातील घर साधारण ३० चौरस मीटरपर्यंतचे, अल्प गटातील ६० चौरस मीटरपर्यंतचे. अर्जदाराला आपल्या लगतच्या वरच्या गटात अर्ज करता येतो, खालच्या गटात मात्र येत नाही.

‘कुटुंब’ या शब्दावर येथे अनेकजण अडखळतात. म्हाडाच्या लेखी उत्पन्नापुरते कुटुंब म्हणजे अर्जदार आणि त्याची पत्नी किंवा पती, एवढेच. एकाच खोलीत राहणाऱ्या वडिलांचे निवृत्तिवेतन, नोकरीला लागलेल्या मुलाचा पगार किंवा अविवाहित बहिणीची कमाई या बेरजेत येत नाही. याउलट पत्नी घरी शिकवण्या घेत असेल, शिवणकाम किंवा डब्यांचा व्यवसाय करत असेल तर तिचे उत्पन्न पतीच्या पगारात मिळवावे लागते. ‘तिचे काय, थोडेसेच आहे’ असे म्हणून ते वगळणारे पुष्कळ आहेत. पण पतीपत्नी दोघांचेही पॅन क्रमांक प्रणालीत नोंदवावे लागतात आणि दोघांपैकी कोणाचे आयकर विवरणपत्र दाखल झाले आहे, ही गोष्ट आता लपून राहत नाही. माहिती खोटी ठरली तर घर लागूनही हातचे जाते.

मर्यादेच्या रेषेवर उभ्या असलेल्या कुटुंबाची स्थिती सर्वांत अवघड. एखाद्या कर्मचाऱ्याला महिना ४९ हजार रुपये मिळतात असे समजू. वर्षाचे पाच लाख ८८ हजार होतात आणि तो अत्यल्प गटात बसतो. दिवाळीला २० हजारांचा बोनस मिळाला की आकडा सहा लाख आठ हजारांवर जातो आणि अत्यल्प गटाचे दार बंद होते. आठ हजार रुपयांच्या फरकाने त्याला जे घर घ्यावे लागते, त्याची किंमत मात्र आठ हजारांनी वाढलेली नसते. अर्जासाठी लगतच्या आर्थिक वर्षाचे, म्हणजे १ एप्रिल ते ३१ मार्चचे, उत्पन्न विचारात घेतले जाते. त्यामुळे जाहिरात कोणत्या महिन्यात येते यावरही काहींचा गट ठरतो. जाहिरातीसोबतच्या माहितीपुस्तिकेत उत्पन्नाची व्याख्या दिलेली असते. सीमारेषेवर असलेल्यांनी ती शेवटच्या शब्दापर्यंत वाचलेली बरी. गंमत म्हणजे उत्पन्नाची ही चाळणी आणि आरक्षणाची चाळणी यांचा एकमेकींशी ताळमेळ असतोच असे नाही. खासदार-आमदारांसाठी दोन टक्के घरे राखीव असतात आणि हे प्रमाण अत्यल्प गटालाही लागू होते. वास्तविक विद्यमान आमदाराचे वेतन-भत्ते सहा लाखांच्या मर्यादेत मावणारेच नाहीत. (राखीव प्रवर्गांत पत्रकारही आहेत आणि त्यांचा वाटा अडीच टक्के आहे, हेही येथे सांगितले पाहिजे.)

कागद जमवताना

अर्जदार १८ वर्षे पूर्ण केलेला असावा आणि राज्यात त्याचे किमान १५ वर्षे सलग वास्तव्य असावे, ही मूळ अट. त्यासाठी अधिवास प्रमाणपत्र, ज्याला सगळे डोमिसाईल म्हणतात, ते लागते. अनेकांकडे ते असते, पण कॉलेजच्या प्रवेशावेळी काढलेले. नव्या प्रणालीत अलीकडच्या पाच वर्षांतील आणि बारकोड असलेले प्रमाणपत्र मागितले जाऊ लागले आणि जुने पिवळे पडलेले कागद निरुपयोगी ठरले. तहसील कार्यालयातून नवे प्रमाणपत्र मिळायला वेळ लागतो, आणि जाहिरात निघाल्यावर सारे शहर एकाच वेळी त्याच खिडकीवर जाते.

विवाहित महिलांची अडचण निराळी. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, पॅन कार्डावर तिसरेच रूप. संगणकाला या तिन्ही व्यक्ती वेगळ्या दिसतात. नावे जुळवण्याचे काम विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नोंद यांच्या आधारे आधीच करून ठेवावे लागते. पतीपासून विभक्त राहणाऱ्या स्त्रियांना तर आणखी एक दिव्य पार करावे लागते. न्यायालयाचा घटस्फोटाचा हुकूमनामा हाती नसेल तर म्हाडाच्या लेखी विवाह कायम असतो आणि ज्याच्याशी वर्षानुवर्षे बोलणे नाही, त्या पतीच्या कागदपत्रांचा प्रश्न उभा राहतो. ज्यांना घराची गरज सर्वाधिक आहे, त्यांच्यातल्या अनेकजणी याच पायरीवर थांबतात. या बाबतीत नियम अधिक माणुसकीचा असायला हरकत नव्हती.

मागासवर्गीय प्रवर्गातून अर्ज करणाऱ्यांना जातीच्या दाखल्याबरोबर वैधता प्रमाणपत्राचीही तजवीज करावी लागते. ते काही दिवसांत मिळणारे नव्हे. घरासंबंधीची अट मात्र नीट समजून घेतली पाहिजे, कारण ती सर्व योजनांना सारखी नाही. मुंबई मंडळाच्या सर्वसाधारण घरांसाठी अर्जदार, त्याची पत्नी किंवा पती आणि अज्ञान मुले यांच्या नावावर बृहन्मुंबई महापालिका हद्दीत घर नसावे, एवढीच अपेक्षा असते. त्यामुळे डोंबिवलीत किंवा नालासोपाऱ्यात स्वतःचे घर असलेला मनुष्यही मुंबईतील घरासाठी अर्ज करू शकतो. पण तेच घर प्रधानमंत्री आवास योजनेतील असेल तर देशात कुठेही पक्के घर असता कामा नये. आजोबांच्या पश्चात गावच्या घराच्या नमुना आठच्या उताऱ्यावर आपले नाव लागले आहे, हे पुष्कळांच्या ध्यानीमनीही नसते.

सुदैवाने नव्या प्रणालीतील नोंदणी जाहिरातीची वाट न पाहता करता येते आणि एकदा केलेली नोंदणी पुढील सोडतींनाही उपयोगी पडते. उत्पन्नाचा पुरावा तेवढा दरवर्षी नव्याने द्यावा लागतो. जाहिरात येण्यापूर्वीच हे काम उरकलेले अर्जदार शेवटच्या आठवड्यातील धावपळीतून वाचतात.

सहा लाखांचे कोडे

आता त्या कागदाचे दुसरे वाचन. अत्यल्प उत्पन्न गटातील एखाद्या घराची किंमत ३८ लाख रुपये आहे असे उदाहरणादाखल धरू. ३० लाखांवरील गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत कर्ज देऊ शकते. म्हणजे कर्ज ३० लाख ४० हजारांचे आणि उरलेले सात लाख ६० हजार अर्जदाराच्या खिशातले. मुंबईत मुद्रांक शुल्क सहा टक्के धरले तर दोन लाख २८ हजार आणि नोंदणीचे ३० हजार. एकूण दहा लाखांहून थोडी अधिक रक्कम अर्जदाराला स्वतःजवळून उभी करावी लागते. खरेदीदार महिला असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, म्हणजे साधारण ३८ हजार वाचतात.

व्याजाचा दर साडेआठ टक्के आणि मुदत २० वर्षे धरली तर या कर्जाचा हप्ता महिना २६ हजार ४०० रुपयांच्या आसपास येतो. बँका साधारणपणे मासिक उत्पन्नाच्या ४० ते ५० टक्क्यांपर्यंतच हप्ता मान्य करतात. अत्यल्प गटातील कमाल उत्पन्न वर्षाला सहा लाख, म्हणजे महिन्याला ५० हजार. त्याचे निम्मे २५ हजार. याचा अर्थ असा, की मर्यादेच्या अगदी टोकाला असलेल्या, दुसरे कसलेही कर्ज नसलेल्या कुटुंबालाही हे कर्ज २० वर्षांच्या मुदतीत बसत नाही. मुदत ३० वर्षांची केली तर हप्ता २३ हजार ४०० रुपयांपर्यंत उतरतो आणि जेमतेम जमते. पण ३० वर्षांचे कर्ज तिशीतल्या माणसाला मिळते. पंचेचाळिशीत सोडत लागलेल्याला बँक निवृत्तीचे वय मोजून दाखवते. आणि ज्यांचे उत्पन्न खरोखरच वर्षाला तीन लाख आहे, त्यांचे काय? त्यांच्या संपूर्ण पगारापेक्षा हप्ता मोठा आहे. ज्या घराला उत्पन्नाची कमाल मर्यादा नियमाने घातली, त्याला बँकेच्या हिशेबाने किमान मर्यादाही आपोआप पडते, आणि या दोन रेषांमधील जागा बोटभरही उरत नाही.

अल्प गटात तर काही वेळा आकडे चक्रावून टाकणारे असतात. २०२४ च्या सोडतीत या गटातील काही घरांच्या किमती एक कोटीच्या पुढे होत्या. खासगी विकासकांनी पुनर्विकासाच्या मोबदल्यात म्हाडाला दिलेली ही घरे शहराच्या मोक्याच्या भागांत होती आणि तेथील दरांप्रमाणे त्यांच्या किमती लागल्या. वर्षाला नऊ लाख, म्हणजे महिना ७५ हजार मिळवणाऱ्याने ७५ लाखांचे कर्ज काढले तर साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी त्याचा हप्ता ६५ हजार रुपये होतो. उरलेल्या दहा हजारांत महिना काढायचा. त्या वर्षी टीका झाल्यानंतर म्हाडाने अशा ३७० घरांच्या किमती उतरवल्या. अत्यल्प गटाला २५ टक्के, अल्प गटाला २०, मध्यम गटाला १५ आणि उच्च गटाला १० टक्के कपात मिळाली आणि अर्जाची मुदतही वाढवण्यात आली. कपात स्वागतार्हच होती. पण कोटीचे ८० लाख झाल्याने नऊ लाखांच्या कुटुंबाचा प्रश्न सुटतो, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. उच्च गटाचा तर विचारच नको. २०२३ मध्ये ताडदेवच्या एका घराची किंमत साडेसात कोटींहून अधिक होती. ते एका आमदाराला लागले आणि त्यांनाही ते परत करावे लागले.

किमतीचा हा प्रश्न म्हाडापुरता नाही. नवी मुंबईत सिडकोने ऑक्टोबर २०२४ मध्ये २६ हजार घरांची योजना जाहीर केली. नोंदणी सुरू झाली तेव्हा किमती ठाऊक नव्हत्या, त्या जानेवारी २०२५ मध्ये कळल्या. अत्यल्प गटातील घर तळोज्यात सुमारे २५ लाखांना, तर खारघरला सुमारे ४८ लाखांना. उत्पन्नाची मर्यादा दोन्हीकडे एकच, सहा लाख. किमती पाहून अनेकांनी माघार घेतली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सोडत निघाली तेव्हा अंतिम अर्जदारांची संख्या घरांच्या संख्येपेक्षाही कमी भरली. घरांसाठी आसुसलेल्या महानगरात घरे जास्त आणि अर्जदार कमी, हे चित्र पुष्कळ काही सांगून जाते.

रिक्षाचालक, फेरीवाले, घरकाम करणाऱ्या स्त्रिया, छोटे दुकानदार यांच्यापुढे हेच कोडे वेगळ्या रूपात उभे राहते. त्यांची कमाई रोखीची असते आणि आयकर विवरणपत्र बहुतेकांनी कधी भरलेले नसते. म्हाडाला तहसीलदाराचा उत्पन्न दाखला चालतो. तो वर्षाला लाख-सव्वा लाखाचा मिळतो आणि पात्रतेचा प्रश्न सुटतो. बँकेत मात्र तोच दाखला आडवा येतो. वर्षाला सव्वा लाख मिळवणाऱ्याला ३० लाखांचे कर्ज कोण देणार? प्रत्यक्षात त्याची कमाई महिना ३०-३५ हजार असते, पण ती कागदावर कुठेच नसते. म्हणून ज्यांना दोन-तीन वर्षांनी का होईना, म्हाडासाठी अर्ज करायचा आहे त्यांनी कर लागत नसला तरी आजपासून दरवर्षी विवरणपत्र भरावे आणि रोजची कमाई बँक खात्यातून फिरवावी. बँका सहसा दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागतात. ती घर लागल्यावर मागच्या तारखेने तयार करता येत नाहीत.

आणखी एक वाट आहे आणि ती पूर्णपणे नियमात बसणारी आहे. म्हाडा नोकरदार मुलाचे उत्पन्न मोजत नाही, परंतु बँक त्याला सहकर्जदार म्हणून घेऊ शकते. पन्नाशीतल्या वडिलांच्या नावावर घर लागले आणि २४ वर्षांचा मुलगा सहकर्जदार झाला तर कर्जाची रक्कम आणि मुदत दोन्ही वाढू शकतात. ज्या घरात असा मिळवता हात आहे, त्यांच्यासाठी या दोन वाचनांमधील अंतर बऱ्यापैकी कमी होते. अर्ज करण्याआधी बँकेत जाऊन एवढे विचारून घेतले, तरी पुढचा बराच मनस्ताप टळतो.

कुठल्या घरासाठी अर्ज?

प्रत्येक योजनेला एक संकेत क्रमांक असतो आणि त्यातील घरे गटनिहाय, प्रवर्गनिहाय वाटलेली असतात. आरक्षणाच्या साऱ्या टक्केवाऱ्यांची बेरीज ५० होते. अनुसूचित जाती ११, अनुसूचित जमाती सहा, राज्य सरकारी कर्मचारी पाच, माजी सैनिक पाच, अपंग तीन, कलाकार दोन अशी ती लांबलचक यादी आहे. उरलेली निम्मी घरे सर्वसाधारण प्रवर्गाला. एखाद्या योजनेत चारच घरे असतील तर सर्वसाधारण अर्जदाराच्या वाट्याला जेमतेम दोन येतात आणि ती दादर-परळसारख्या भागात असतील तर त्यावर हजारो उड्या पडतात. मोठ्या संख्येची योजना निवडली तर शक्यता वाढते. २०२३ मध्ये पहाडी गोरेगाव येथील प्रधानमंत्री आवास योजनेतील १,९४७ घरांसाठी सुमारे २२ हजार अर्ज होते, म्हणजे एका घरामागे ११ किंवा १२ अर्जदार. एकूण सोडतीतील सरासरीपेक्षा हे प्रमाण कितीतरी अनुकूल होते.

एकाच योजनेत, एकाच प्रवर्गातून एकाला एकच अर्ज करता येतो. वेगवेगळ्या योजनांत कितीही अर्ज करता येतात, पण प्रत्येक अर्जाबरोबर स्वतंत्र अनामत रक्कम भरावी लागते. २०२४ मध्ये अत्यल्प गटासाठी ती २५ हजार, अल्पसाठी ५० हजार, मध्यमसाठी एक लाख आणि उच्चसाठी दीड लाख होती. शिवाय प्रत्येक अर्जाचे ५९० रुपये, जे परत मिळत नाहीत. पती आणि पत्नी दोघांनीही अर्ज केले आणि दोघांनाही घरे लागली तर ठेवता येते एकच.

मुंबई मंडळाबाहेर पाहण्याची तयारी असेल तर कोकण मंडळाच्या सोडतीकडे दुर्लक्ष करू नये. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत चार हजार चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावर प्रकल्प उभारणाऱ्या विकासकाला २० टक्के घरे अत्यल्प व अल्प गटासाठी ठेवावी लागतात, अशी तरतूद २०१३ मध्ये झाली. ठाणे, कल्याण, नवी मुंबई परिसरातील अशी घरे कोकण मंडळाच्या सोडतीत येतात. इमारत खासगी असते आणि किंमत त्याच भागातील बाजारभावापेक्षा बरीच कमी, त्यामुळे या घरांना मागणीही तशीच असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ठाण्यात निघालेल्या कोकण मंडळाच्या सोडतीत पाच हजारांहून अधिक घरांसाठी दीड लाखांहून अधिक अर्ज आले होते. दुसऱ्या टोकाला विरार-बोळिंजचा अनुभव आहे. तेथील भव्य वसाहतीत पाण्याच्या प्रश्नामुळे हजारो घरे वर्षानुवर्षे पडून राहिली आणि म्हाडाला ती ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ या तत्त्वावर विकायला काढावी लागली. किंमत परवडणारी असली तरी नळाला पाणी आणि स्थानकाला जायला बस आहे का, हे योजनेच्या जागी स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. माहितीपुस्तिकेतील चित्रात झाडे नेहमीच हिरवी असतात.

घर लागल्यानंतर

सोडतीत नाव आले की आधी प्रथम सूचना पत्र येते. घर स्वीकारत असल्याचे विहित मुदतीत कळवावे लागते, त्यानंतर तात्पुरते देकारपत्र मिळते. साधारणपणे किमतीचे पहिले २५ टक्के ४५ दिवसांत आणि उरलेले ७५ टक्के त्यापुढील ६० दिवसांत भरायचे असतात. मुदतवाढ मिळू शकते, मात्र तिला व्याज लागते. वरच्या उदाहरणातील ३८ लाखांच्या घरासाठी पहिला हप्ता साडेनऊ लाखांचा होतो. बँकेचे कर्ज मंजूर होऊन हाती येण्यास वेळ लागतो, तारण ठेवण्यासाठी म्हाडाचे ना-हरकत पत्र लागते आणि पहिली रक्कम तर बहुधा स्वतःच्या पैशांतूनच उभी करावी लागते. दागिने, भविष्यनिर्वाह निधी, गावची जमीन, नातेवाइकांकडून उसने, असे सगळे मार्ग या दीड महिन्यात चोखाळले जातात. तरीही ज्यांचे जमत नाही ते घर परत करतात. २०२३ आणि २०२४ च्या सोडतींनंतरही असे झाले. घर नाकारल्यास अनामत रकमेचे काय होते, ही तरतूद त्या-त्या जाहिरातीत दिलेली असते आणि ती अर्जदाराला फारशी अनुकूल नसते. घर घेतल्यानंतर पाच वर्षे ते विकता येत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे.

या धावपळीचा लाभ उठवणारे दलाल प्रत्येक सोडतीच्या वेळी उगवतात. म्हाडाने कोणालाही दलाल वा प्रतिनिधी नेमलेले नाही आणि संगणकाने काढलेल्या क्रमांकावर कोणाची ‘ओळख’ चालत नाही. २०२४ मध्ये तर म्हाडाच्या संकेतस्थळासारखे हुबेहूब बनावट संकेतस्थळ तयार करून गोरेगावच्या घरांच्या नावाखाली फसवणुकीचा प्रकार उघडकीस आला होता. पैसे भरण्यापूर्वी संकेतस्थळाचा पत्ता वृत्तपत्रातील जाहिरातीशी अक्षर न्‌ अक्षर ताडून पाहावा. रक्कम कोणाच्या वैयक्तिक खात्यात मागितली जात असेल तर तेथेच थांबावे.

ज्यांना घर लागत नाही, आणि दर सोडतीत तेच बहुसंख्य असतात, त्यांची अनामत रक्कम अर्जात नोंदवलेल्या बँक खात्यात परत येते. हे खाते अर्जदाराच्या स्वतःच्या नावाचे आणि चालू स्थितीतले हवे. नोकरी बदलल्यावर जुने पगाराचे खाते बंद करताना म्हाडाच्या नोंदणीतील खाते क्रमांकही बदलून घ्यावा.